जवादाचं बारसं

नावं ठेवणं एवढंच तुमचं काम, आणि तेसुद्धा तुम्हाला धड जमलं नाही.

आमच्याकडं नावं ठेवणं म्हणजे खोड काढणं. सासू सुनेला ठेवते, गाव सासूला ठेवतं, त्याला कचेरी लागत नाही. तुम्ही मात्र वादळांना नावं ठेवता. तेरा देश एका टेबलाभोवती बसता, आणि वादळ यायच्या कितीतरी आधी त्याचं नाव ठरवून ठेवता. पोटात नसलेल्या पोराची कुंची शिवून ठेवावी तसं. पण माझा बाप ज्या पावसात मेला त्या पावसाला तुम्ही नाव ठेवलं नाही. त्यामुळं माझ्या भावाच्या पोराला आज नाव नाही. हे कसं झालं ते सांगते. मधी बोलू नका.

आम्ही म्हसवडकडचे. धनगर. माणदेशात मेंढराच्या तोंडाला चारा नसतो, म्हणून दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णेच्या अंगाला उतरायचं, कराड, शिराळा, पार घाटाच्या तोंडापर्यंत, आणि मिरगाच्या आधी परत फिरायचं. माणसं जशी फिरतात तशी आमच्या घरात नावंही फिरतात. पुरुषांची दोनच नावं. पणजा दादासो, आजा धनाजी, बाप दादासो, भाऊ धनाजी. रहाटासारखं. एक खाली गेलं की दुसरं वर येतं.

पण नाव आपोआप वर येत नाही. आमच्या भावकीत रीत आहे. माणूस गेला की दहाव्याला थोरला माणूस सगळ्यांसमोर विचारतो, "कशानं गेला?" मुलानं एका शब्दात सांगायचं. तापानं. सापानं. म्हातारपणानं. सांगितलं की नाव मोकळं झालं, पुढच्या पोराला ठेवायला मोकळं. नाही सांगता आलं, तर नाव बंद.

बंद म्हणजे कायमचं बंद. माझ्या आज्याचा एक भाऊ होता, अर्जुना. हरवलेली मेंढी हुडकायला चांदोलीच्या रानात शिरला तो आलाच नाही. वाघानं खाल्ला, दरीत पडला, की कोकणात दुसरी बायको करून नारळ सोलत बसला, कुणालाच ठाऊक नाही. दहाव्याला विचारलं तेव्हा सगळे खाली बघत राहिले. तेव्हापासून आमच्या भावकीत अर्जुना हे नाव कुणाला ठेवलेलं नाही. देखणं नाव. पण बंद.

आता माझा बाप. मी त्याला आबा म्हणायची. माझी आय हरणाबाई नवऱ्याचं नाव घेत नाही, तिचं 'आवं' आणि 'ऐकलं का' यातच आयुष्य गेलं. भावाची बायको उत्कर्षा बारावी शिकलेली, पण सासऱ्याचं नाव तीही घेत नाही. म्हणजे उद्या घरात नवा दादासो जन्माला आला, तर त्याला मोठ्यानं हाक मारणारी बाई एकटी मी. आत्या. नाव कानात सांगणारीही मी आणि हाक मारणारीही मी. जन्मभर ज्याला नावानं हाक मारली नाही त्याला हाक मारायची, आणि त्यानं रांगत यायचं. ह्याची मी किती वाट बघत होते ते तुम्हाला कळायचं नाही. तुमचं नाव ठेवणं कागदावरचं.

कार्तिक सरत आला होता. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ दोन-चार दिवसांवर होता, आबा रथाला घरी येणार होता. वाडा तेव्हा शिराळ्याच्या वाटेला, सोयाबीन काढलेल्या एका मोकळ्या रानात होता. वाडा म्हणजे तुमच्या मनात येतो तो चौसोपी नव्हे. आमचा वाडा म्हणजे जाळ्याच्या कुंपणात मेंढरं आणि बाहेर आभाळाखाली आम्ही. त्या खेपेला आबा आणि धनाजी दोघंच होते. मेंढरं नुकतीच कातरलेली. अंगावर लोकर नाही, नुसती कातडी. आभाळ दुपारपासून काळं.

आबानं इलाहीभाईला फोन लावला. इलाहीभाई कराडचा, मेंढरांचा व्यापारी, आबाचा तीस वर्षांचा दोस्त. दोघं एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय चहा पीत नसत. धनाजी शेजारी बसून ऐकत होता.

"इलाही, टीवीवर काय म्हणत्यात रं पावसाचं?"

"लय मोठं वादळ हाय म्हणत्यात. सकाळधरनं तेच चाललंय. जवाद नाव हाय."

"मग हलवू का मेंढरं? वढ्याच्या पल्याड गुऱ्हाळाचं छप्पर रिकामं हाय."

"आरं येड्या, जवाद बंगालात हाय. ओरिसाकडं जायाचंय त्येला. तू कुठं, ओरिसा कुठं? तुला घावायला त्येला काय येस्टी धरून यायचंय?"

"जवाद म्हंजी काय रं?"

"जवाद म्हंजे सखी. दिलदार. मागंल त्येला देणारा."

"मग तुझ्या जातीतला न्हवं ह्यो," आबा हसला. "तू तर चा सुदीक पाजत न्हाईस."

मेंढरं तिथंच ठेवली.

रात्री पाऊस आला आणि पावसाबरोबर गारठा आला. असला गारठा की धनाजीला काडी पेटवायला बोटं वळेनात. आबानं आपलं घोंगडं कोकरांवर टाकलं, मग धनाजीचं टाकलं, मग डोक्याचा पटका सोडून पसरला. एकेक कोकरू उचलून ह्या अंगाचं त्या अंगाला, आईच्या पोटाशी, परत उचलून. "तू बस रं, तुला जायाचंय लांब," असं आबा म्हणाला, धनाजी सांगतो. सकाळी इलाहीभाईचा फोन मला आला. मी कराडातच दिलेली. त्याच्याच टेम्पोत बसून आम्ही गेलो. रान पांढरं दिसत होतं. मला वाटलं पाणी साठलंय. ती मेंढरं होती.

आबा जाळ्याच्या खुंटाला टेकून बसला होता. बंडीत कोकरू होतं. तेही मेलेलं.

तुम्ही म्हणाल, पावसाचा इशारा दिला होता. दिला असेल. मोबाइलवर कसलातरी निरोप आला होता, 'तुरळक ठिकाणी' म्हणून. तुरळक म्हणजे कोण? तुरळक कुणाचं नाव आहे? जवादाचं चित्र मात्र दिवसभर टीवीवर गरागरा फिरत होतं, लाल, पिवळं, मधी डोळा. नाव असलेल्याला माणूस भितो. जवाद लांब आहे म्हटल्यावर सगळ्या मुलखाची भीती जवादाबरोबर ओरिसाला गेली, आणि आमच्या दारात जो आला त्याच्यासाठी कुणी कडीसुद्धा लावली नाही. हे तुम्ही केलंत. एकाला नाव दिलंत आणि दुसऱ्याला वाट दिलीत.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, "दाब कमी झाला, हृदय बंद पडलं." आम्ही मान हलवली. त्या वेळी कोण काय बोलतंय ते डोक्यात शिरत नव्हतं. पण हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

दहाव्याला केरबाअण्णानं विचारलं. केरबाअण्णा आबाचा चुलतभाऊ, भावकीत थोरला, एका कानानं ऐकणारा.

"कशानं गेला?"

धनाजी म्हणाला, "जवादानं."

"कोण रं ह्यो?"

"वादळ हाय, अण्णा. टीवीवर हाय."

"टीवीवर हाय म्हंजे खरं आसंल," अण्णा म्हणाला, आणि पाणी सोडलं. नाव मोकळं झालं.

इलाहीभाई बाजूला बांधावर उभा होता. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मी बघितलं. मीही काही बोलले नाही, कारण मलाही तेच खरं वाटत होतं. आम्हाला एकच वादळ माहीत होतं. तुम्ही आम्हाला एकच सांगितलं होतं.

वैशाखात उत्कर्षाला मुलगा झाला. आयनं त्याला मांडीवर घेतलं आणि चार-पाच महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू दिसलं. "कानाच्या पाळ्या बघ," मला म्हणाली. "त्याच हायत." बारशाला सगळी भावकी आली. पाळण्याला जुन्या लुगड्याचा काठ बांधला. केरबाअण्णा बाहेर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "ह्येच्या आज्याला साध्यासुध्या वाऱ्यानं न्हाई न्हेलं. जवादानं न्हेलं. देशात गाजलेलं वादळ!" मरणातसुद्धा माणसाला मोठेपणा लागतो.

उत्कर्षाचा भाऊ जयराज आला होता. पुण्यात खोली घेऊन सरकारी परीक्षांचा अभ्यास करतो. तोंडात पेढा होता, तो तसाच बाजूला सारून म्हणाला, "जवाद? सौदी अरेबिया. अर्थ, उदार."

"आं?" अण्णानं चांगला कान पुढं केला.

"अभ्यासात हाय आमच्या. कुठल्या देशानं कुठल्या वादळाला नाव दिलं. एका मार्काला इचारत्यात. पण अण्णा, जवाद हिकडं आलंच न्हवतं."

"आलं न्हवतं कसं? आमचा माणूस मेला न्हवं!"

"कवा गेले मामा?"

"बेस्तरवारी. पहाटं."

जयराजनं पेढा गिळला. त्या पोराचा स्वभाव वाईट नाही. बरोबर उत्तर ठाऊक असलं की त्याला गप्प बसवत नाही, एवढाच रोग. "मग जवाद कसं असंल? टीवीवाले आधीपासनं नाव घेत व्हते, पण जवादला नाव मिळालं दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी. बेस्तरवारी त्येचं बारसंच झालं न्हवतं."

हे बोलणं ओट्यावर चाललेलं. आत पाळण्याभोवती बायकांनी 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' केलं होतं, पोर पाळण्यात निजवलं होतं, आणि मी वाकले होते. बायका माझ्या पाठीत बुक्क्या घालत होत्या, अजून घाला, अजून घाला, हसत होत्या. माझं तोंड त्याच्या कानाशी. माझ्या तोंडात 'दा' होता.

"थांब!"

आय उंबऱ्यात उभी. तिनं ओट्यावरचं सगळं ऐकलं होतं. बुक्क्या थांबल्या. मी तशीच वाकलेली, 'दा' तोंडात धरून. मी तो गिळला. तो पेढा नव्हता, कडू होता.

"धना," आय म्हणाली, "दहाव्याला तू खोटं बोललास?"

"आये, मला वाटलं, हिकडं वळलं आसंल. टीवीवर तेच व्हतं की गं!"

"ते शुक्रवारी जलमलं. माझा माणूस बेस्तरवारी गेला. जे जलमलं न्हाई त्येनं मारलं कसं?"

केरबाअण्णानं पटका काढून गुडघ्यावर ठेवला आणि परत विचारलं, आता विचारणं भागच होतं. "मग कशानं गेला, धना?"

धनाजी खाली बघत राहिला. अर्जुनाच्या दहाव्याला बघत होते तसेच सगळे खाली बघत राहिले. पाळण्यात पोर रडायला लागलं. उत्कर्षानं त्याला उचललं आणि भावाकडं असं बघितलं की जयराज उठून गावाबाहेरच्या चिंचेखाली जाऊन बसला.

बायका गेल्यावर आय मला म्हणाली, "सुले, तू जा. ज्येंनी जवादाचं नाव ठिवलं त्येंनाच इचार. सगळ्यांची नावं ठिवत्यात, ह्येचंबी ठिवलं आसंल. इसरलं आसत्याल सांगायचं."

मी साताऱ्याला गेले. तुमचा माणूस तिथं नसतो हे मला तिथं गेल्यावर कळलं. मोठ्या कचेरीत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, असं करत मला एका तरुण साहेबासमोर बसवलं. आपत्तीचं काम त्याच्याकडं. खरं सांगते, माणूस चांगला होता. त्यानं मला खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि मी तारीख सांगितल्यावर संगणकात बघितलं.

"मावशी, त्या पावसाला नाव नाही."

"इसरलं का?"

"विसरलं नाही. नाव द्यायचा नियम आहे. समुद्रावरच्या वादळाचा वारा तासाला बासष्ट किलोमीटरच्या पुढं गेला की मगच नाव मिळतं. हा अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा होता."

"माणसं किती मेली की नाव मिळतंय?"

"ते माणसांवर नसतं. वाऱ्यावर असतं."

"आणि मेंढरं?"

त्यानं चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. मग मला वाईट वाटू नये म्हणून असेल, त्यानं बरंच समजावून सांगितलं. तिकडं अमेरिकेत म्हणे सहा याद्या असतात. दर वर्षी एक, सहा वर्षांनी पहिली परत. तीच नावं फिरून फिरून येतात.

"आमच्यासारखंच की," मी म्हटलं.

"पण एखाद्या वादळानं फार माणसं मारली, तर ते नाव यादीतून काढून टाकतात. परत कधीच ठेवत नाहीत. लोकांना आठवण नको म्हणून."

मी चहाचा कप खाली ठेवला. "साहेब, त्यांच्यात मारणाऱ्याचं नाव बंद करत्यात. आमच्यात मेलेल्याचं बंद होतंय. कुणाचं बरोबर?"

"आपल्या समुद्रात एकदा वापरलं की कुठलंच नाव परत येत नाही," तो म्हणाला. त्यानं माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं, आणि ते त्यालाही कळलं होतं. मग म्हणाला, "पुढच्या यादीसाठी लोकांना नाव सुचवता येतं. लहान पाहिजे. म्हणायला सोपं पाहिजे. कठोर नको. कुणाच्या भावना दुखावणारं नको."

"कुणाच्या?"

"कुणाच्याच."

बघा, तुमचा नियम किती प्रेमळ! वादळानं घरं पाडली तर चालतील, नावानं मन दुखायला नको. म्हणून तर त्याला दिलदार म्हणता. वडापची जीप धरून घरी येईपर्यंत मी एकच घोकत होते, कमी दाबाचा पट्टा, कमी दाबाचा पट्टा. आयनं पाठवलं होतं, काहीतरी घेऊन जायलाच पाहिजे होतं.

दिवाळीच्या तोंडाला परत भावकी बसली. पोर आता बसायला लागलं होतं. जयराजही आला, ह्या वेळी पेढ्याला हात न लावता. धनाजीला मी पढवून ठेवलं होतं. केरबाअण्णानं विचारलं, "कशानं गेला?"

"कमी दाबानं."

अण्णाचं तोंड उजळलं. "आसं म्हण की! बीपी व्हता व्हय दादासोला? आमाला बोलला न्हाई कवा!"

"माझ्या मेव्हण्यालाबी हाय कमी दाब," मागून कुणीतरी म्हणालं. "मीठ-साखरंचं पाणी दिलं की बसतोय उठून."

"रातीचं कुठलं मीठ-साखर, रानात?"

"आवं अण्णा," जयराज उठला, "त्यो दाब न्हवं. हवेचा दाब. आभाळातला."

"हवेचा दाब ट्यूबात असतोय रं. आभाळाला कुणी पंप मारलाय?"

सगळे हसले. आणि कुणालातरी आठवलं की दवाखान्यातला डॉक्टरही हेच म्हणाला होता. दाब कमी झाला, हृदय बंद पडलं. मग काय, साक्षही मिळाली. माना डोलायला लागल्या. बरं झालं, सापडलं, घरातलंच दुखणं निघालं. अण्णानं पाण्याचा तांब्या पुढं ओढला. उत्कर्षा पोराला घेऊन माझ्यापुढं आली, डोळ्यांनी म्हणाली, वन्सं, घ्या उरकून.

मी जयराजकडं बघितलं. त्यानं नजर खाली घातली. दोघांनाच ठाऊक होतं की हे खरंही आहे आणि धडधडीत खोटंही आहे. शब्द तुमचाच होता. फक्त तो आभाळातून उतरून माझ्या बापाच्या अंगात शिरला होता. मी म्हटलं, शिरू दे. नाव तर सुटेल. मी पोराला तिच्याकडून घेतलं आणि त्याच्या कानाशी वाकले.

आय तांब्यावर हात ठेवून म्हणाली, "ह्ये पाणी सोडायचं न्हाई."

"आगं वयनी, आता काय?"

"त्या माणसाला दाब न्हवता. खोंडासारखा व्हता. दाब कमी असलेला माणूस रातभर कोकरं उचलतोय व्हय? आभाळाचं दुखणं माझ्या माणसाच्या अंगावर घालताय, लाज वाटंना?"

"आत्याबाई," उत्कर्षा पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलली, "मामंजी कशानंबी गेलं आसूद्या. माझं पोरगं जितं हाय. त्येला नाव द्या. मी त्येला काय म्हणून हाक मारू?"

"तू कुठं हाक मारणार हायस गं? सासऱ्याचं नाव," एक म्हातारी म्हणाली.

"मी न्हाई मारणार! पण जग मारंल न्हवं!"

उत्कर्षाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आयचंही नाही. त्या दोघींच्या मधी माझी पाठ वाकलेली, आणि ह्या वेळी बुक्क्याही नव्हत्या. मी सरळ उभी राहिले. पोर उत्कर्षाच्या कडेवर परत दिलं. खोट्या दाबावर बापाला हाक मारायची, तर ती हाक त्याला ऐकू तरी गेली असती का?

इलाहीभाई ओट्याच्या पायरीवर बसला होता. तो उठला, टोपी सरळ केली, आणि आयसमोर येऊन उभा राहिला.

"भाभी, माझं नाव घ्या."

"काय?"

"कशानं गेला, तर इलाहीनं गेला म्हणा. त्यानं मला इचारलं व्हतं, मेंढरं हलवू का. मी न्हाई म्हणलो. तुला घावत न्हाई म्हणलो. ह्ये तर खरं हाय? मग म्हणा. पोराचं नाव मोकळं करा." त्याची दाढी भिजली होती. "अण्णा, सोडा पाणी."

केरबाअण्णासुद्धा ऐकून थबकला.

आय म्हणाली, "गप ए. तुझं नाव कशाला घिऊ? तू फोन उचललास तरी."

मग तिनं तांब्यातलं पाणी तुळशीत ओतलं. त्या दिवशी भावकी न जेवता गेली. इलाहीभाईला मात्र तिनं भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

त्याला आता दोन-अडीच वर्षं झाली. पोरगं चालतं, पळतं, कोकरामागं धावतं, आणि पडलं तर रडत नाही. केरबाअण्णा त्याला 'ए गड्या' म्हणतो. उत्कर्षा सोन्या म्हणते. इलाहीभाई आला की 'छोटे सेठ' म्हणतो आणि त्याच्या हातात फुटाणे ठेवतो. आय काहीच म्हणत नाही, मेंढराला घालतात तसा जिभेनं टकटक आवाज करते, आणि पोरगं वळून बघतं. मी म्हसवडला गेले की त्याला जवळ घेते, आणि माझ्या तोंडात 'दा' येतो. अजून येतो. तेवढ्यावरच तो हसतो, त्याला वाटतं मी त्याला दादा म्हणणार आहे.

परवा अंगणवाडीच्या बाई घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, औंदा शाळेत बसवा, पण नाव सांगा. धनाजी म्हणाला, सांगतो. त्याच रात्री त्यानं मला फोन केला. "आक्का, दुसरं कायतरी ठिवूया का? लय झालं." मी म्हटलं, "ठेव. तू बाप हायस. पण मग त्ये नाव बंद झालं, अर्जुनासारखं. आबा त्या रानात बसलाय तिथंच बसला." तो म्हणाला, "शाळा उघडंपतोर बघतो."

म्हणून तुम्हाला विचारते आहे. शाळा जूनला उघडते.

नियम मला सांगू नका, मी ऐकलाय. वारा किती होता ते सांगू नका, ज्यानं तो अंगावर मोजला तो सांगायला उरला नाही. पट्टा, क्षेत्र, तुरळक ठिकाणी, हेही नको. तेरा देशांनी मिळून एकशे एकोणसत्तर नावं काढलीत तुम्ही, आलेल्यांची, न आलेल्यांची, अजून समुद्रात पाणीसुद्धा न हललेल्यांची. त्या बेस्तरवारी पहाटं शिराळ्याच्या वाटेला जो आला, कातरलेल्या मेंढरांवर बसला, माझ्या बापाच्या बंडीत शिरला, आणि उजाडायच्या आत निघून गेला, त्याचं एक नाव तुमच्याजवळ नाही?

कठोर असलं तरी चालेल. भावना आमच्या दुखतील, दुखू द्या. पण आमच्यात एका शब्दात सांगायची रीत आहे, तेव्हा एका शब्दातच सांगा. केरबाअण्णा विचारतो तसंच, सगळ्यांसमोर विचारते.

कशानं गेला?